माळ सपाट करण्याआधी एकदा माळावर या

प्रति,
माननीय अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
व्यवस्थापन मंडळ.

सादर नमस्कार.

गेल्या सोमवारी आपल्या सहीचं परिपत्रक आमच्या शिक्षक-कक्षातल्या फलकावर लागलं. त्यात तीन कलमं आहेत. वसतिगृहासह सगळ्या इमारतींत दरमहा कीटकनाशकाची फवारणी करायची. वसतिगृहामागचा साडेतीन एकरांचा माळ जेसीबी लावून साफ करायचा आणि तिथे हिरवळ लावायची. प्राणिशास्त्र विभागाच्या संग्रहाची खोली रिकामी करून संगणक कक्षाला द्यायची. तिन्हींच्या वर कारण एकच लिहिलं आहे: विद्यार्थिनींना कोळ्यांपासून होणारा त्रास.

मी या महाविद्यालयात २१ वर्षं प्राणिशास्त्र शिकवते. कोळी आणि कीटक हाच माझ्या अभ्यासाचा विषय. या तीन कलमांबद्दल मला किंवा माझ्या विभागातल्या कुणालाही एका शब्दानं विचारलेलं नाही. वसतिगृहातल्या प्रकाराबद्दल ऑगस्टपासून मी प्राचार्यांमार्फत दोन अर्ज दिले, भेटीची वेळ मागितली. उत्तर आलं नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे. ही संस्था तालुक्यातल्या लोकांच्या वर्गणीतून उभी राहिली आहे. तिच्या जागेचं काय होणार आहे, हे त्यांनाही कळायला हवं.

आधी त्रासाबद्दल लिहिते, कारण तो खरा आहे. जुलैमध्ये वसतिगृहातल्या अकरा मुलींच्या मानेवर, गालांवर, कोपराच्या लवणीत लाल चट्टे उठले. दुसऱ्या दिवशी त्यांत पाणी धरलं. आग इतकी, की मुली रात्र रात्र बसून होत्या. एकीचा डोळा सुजून बंद झाला. आपल्याकडे अशा वेळी एकच वाक्य तोंडी येतं, "कोळी मुतला." माझी आजीही हेच म्हणायची. रेक्टरबाई तेच म्हणाल्या, मुलींच्या घरच्यांनीही तेच सांगितलं आणि मंडळाच्या बैठकीतही तेच नोंदलं गेलं.

मी लागोपाठ तीन रात्री वसतिगृहात जाऊन बसले. व्हरांड्यातल्या दिव्याखाली पांढरी चादर बांधली. साडेआठ वाजल्यापासून तिच्यावर जे येऊन बसलं त्यात जेमतेम सात-आठ मिलिमीटर लांबीचा, पहिल्या नजरेला मुंगीसारखा वाटणारा, केशरी आणि काळ्या पट्ट्यांचा एक भुंगेरा होता. एका रात्रीत मी ६३ मोजले. याचं नाव पीडेरस. तो चावत नाही, डंखही मारत नाही. ओलसर गवतात, भातखाचरांत राहतो आणि पावसाळ्यात दिव्याकडे येतो. झोपेत मानेवर चालताना आपण त्याला हातानं चिरडतो, त्याच्या अंगातलं पेडेरिन नावाचं द्रव्य कातडीला लागतं आणि चट्टा उठतो. कोपराच्या लवणीत तर समोरासमोर दोन सारखेच चट्टे उमटतात, कारण हात मिटला की एका बाजूचं द्रव्य दुसऱ्या बाजूला लागतं. त्या अकरापैकी चौघींच्या हातावर मी ही जोडी पाहिली आहे. चट्टा लगेच उठत नाही, दिवस-दोन दिवस जातात. तोवर भुंगेरा कुणाच्या लक्षातही राहत नाही. सकाळी उठल्यावर छताच्या कोपऱ्यात दिसतो तो कोळी, आणि आळ त्याच्यावर येतो.

यावरचा उपाय मी पहिल्याच अर्जात लिहिला होता. खिडक्यांना बारीक जाळ्या बसवा, खिडकीला लागून असलेला पांढरा झोताचा दिवा काढून दूर फाटकाशी लावा, अंगावर असा किडा बसला तर चिरडू नका, फुंकर मारून उडवा आणि ती जागा साबणानं धुवा. गावातल्या सुताराकडून जाळ्यांच्या खर्चाचा अंदाज आणून तोही जोडला होता. मुलींना मी हे एका संध्याकाळी समजावून सांगितलं. त्यानंतर त्या खोल्यांत नवा चट्टा उठला तो फक्त एकीला.

तरी ऑगस्टमध्ये पहिली फवारणी झालीच. दुसऱ्या दिवशी झाडलोट करणाऱ्या मावशींनी मला हाक मारून केराची सुपली दाखवली. त्यात छताला लोंबणारे लांब पायांचे कोळी होते, भिंतीवर माश्यांवर झेप घेणारे छोटे कोळी होते आणि तळहाताएवढ्या पसरलेल्या पायांच्या चार तपकिरी माद्या. त्यातल्या दोघींच्या पोटाशी अंड्यांची पांढरी चकती अजून धरलेली होती. हा तपकिरी कोळी जाळं विणत नाही, रात्री फिरून झुरळं धरतो. मुली त्याला घाबरतात हे मला माहीत आहे, मीही लहानपणी घाबरायचे. पण स्वयंपाकघरातल्या झुरळांवर डोळा ठेवणारं दुसरं कुणी त्या इमारतीत नव्हतं. त्याच आठवड्यात पाऊस झाला आणि भुंगेरे पुन्हा दिव्यावर आले, कारण ते बाहेरून येतात आणि दिवा जिथल्या तिथे होता.

माझी पहिली तक्रार हीच आहे. ज्या संस्थेत हे प्राणी ओळखायला शिकवलं जातं, त्या संस्थेनं त्यांच्याविषयी निर्णय घेताना तो प्राणी कोणता एवढंही विचारलं नाही.

फवारणीबद्दल आणखी लिहायला हवं, कारण आपली मुलं शेतकऱ्यांची आहेत आणि महाविद्यालयात जे दिसतं ते घरी जातं. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. तेव्हापासून मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाला कीटकनाशकं हा भाग शिकवताना आधी शेतात नेते आणि मग फळ्याकडे वळते. भाताच्या खाचरात वाकून पाहिलं की बुंध्याशी लांडगा-कोळी पळताना दिसतो. मादी असेल तर पोटाच्या टोकाला अंड्यांचा पांढरा गोळा बांधलेला असतो, आणि पिल्लं निघाली की ती सगळी तिच्या पाठीवर. हा कोळी तुडतुडे खातो. सरसकट मारणारं औषध मारलं की तुडतुड्यांबरोबर तोही मरतो. तुडतुड्यांची संख्या लवकर भरून येते, त्याची येत नाही. मग तुडतुडे पहिल्यापेक्षा जास्त होतात आणि शेतकरी पुन्हा पंप पाठीला लावतो. इंडोनेशियात हे इतकं वाढलं, की १९८६ साली तिथल्या सरकारनं भातावर ५७ कीटकनाशकांच्या वापराला बंदी घातली. कोळी दरवर्षी जगभरात ४० ते ८० कोटी टन भक्ष्य, बहुतांशी कीटक, खातात असा अंदाज २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे.

तीन वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्यानं घरच्या खाचरातले कोळी चार आठवडे मोजले, वही वडिलांना दाखवली आणि त्या हंगामातली एक फवारणी घरच्यांनी स्वतःहून टाळली. त्या वहीला मी पैकीच्या पैकी गुण दिले होते. आता त्याच मुलाच्या धाकट्या बहिणीच्या वसतिगृहात आपण दर महिन्याला, काय आहे ते न पाहता, फवारणार आहात. मी वर्गात काय सांगू?

आता माळ. परिपत्रकात त्याला "पडीक जागा" म्हटलं आहे. कुसळी गवत, तरवड, बोरी, खुरट्या बाभळी, मधूनच उघडा कातळ. लांबून तसाच दिसतो. पण या बोरी-बाभळींवर राखाडी, लोकरीच्या गुंत्यासारखी घरटी आहेत. ती सामाजिक कोळ्यांची आहेत. शास्त्रीय नाव स्टेगोडायफस सारासिनोरम. जगातले जवळजवळ सगळे कोळी एकेकटे राहतात, समोर आलेल्या दुसऱ्या कोळ्याला खातातही. हा मात्र वस्ती करून राहतो. एका घरट्यात कधी दहा, कधी शेकड्यांनी. जाळं सगळे मिळून विणतात. त्याला चिकट थेंब नसतात, इतके बारीक तंतू असतात की किड्याचे पाय त्यात गुरफटतात. मोठा टोळ अडकला की पाच-सहा जणी धावत येऊन त्याला धरतात. पिल्लांना माद्या आपल्या पोटातलं अन्न तोंडातून भरवतात आणि शेवटी पिल्लं आईलाच खाऊन मोठी होतात. हे पहिल्यांदा सांगितलं की वर्ग गप्प होतो. दरवर्षी एखादी मुलगी तास संपल्यावर मागे थांबते आणि पुन्हा विचारते, "मॅडम, ती पळून जात नाही?" नाही जात.

२००९ साली आम्ही या माळावरच्या ५४ झुडपांना पत्र्याचे क्रमांक बांधले. तेव्हापासून दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी, सुट्टी असो की परीक्षा, गणती होते. कुठल्या झुडपावर किती घरटी, कुठलं उजाड झालं, कुठं नवं आलं. जमिनीत तोंडापर्यंत पुरलेल्या पेल्यांत रात्रभरात काय पडलं. छत्री उलटी धरून फांदी झटकली तर तिच्यात काय आलं. या १६ वर्षांच्या वह्या विभागाच्या कपाटात आहेत आणि दर पानावर त्या त्या वर्षीच्या मुलांचं अक्षर आहे. दुष्काळाच्या वर्षांत वस्त्या कशा आक्रसल्या आणि पुन्हा कुठून सुरू झाल्या, हे त्यात सलग दिसतं. जेसीबीला या साडेतीन एकरांसाठी एक दिवस पुरेल. दुसऱ्या जागी गणती नव्यानं सुरू केली तर इथल्या इतकी जुनी व्हायला आणखी १६ वर्षं लागतील. तोवर मी निवृत्त झालेली असेन.

एकाच जागी वर्षानुवर्षं पाहत राहण्याला काय अर्थ आहे, असं बैठकीत विचारलं गेल्याचं मला कळलं. पश्चिम ऑस्ट्रेलियात बार्बरा यॉर्क मेन या संशोधिकेनं १९७४ साली गव्हाच्या शेतांमध्ये उरलेल्या झुडपांच्या एका तुकड्यात झाकणवाल्या बिळांत राहणाऱ्या कोळ्यांना क्रमांक द्यायला सुरुवात केली. त्यातली १६ क्रमांकाची मादी त्याच बिळात राहिली. बाई तरुण होत्या त्या म्हाताऱ्या झाल्या, काम पुढे त्यांच्या सहकाऱ्यांनी चालवलं. २०१६ मध्ये त्या बिळाचं झाकण एका परजीवी गांधीलमाशीनं भोसकलेलं आढळलं आणि मादी आत नव्हती. तिचं वय तेव्हा ४३ वर्षं होतं. कोळी इतका जगतो हे जगाला कळलं, कारण तो तुकडा कुणी सपाट केला नाही आणि कुणीतरी पुन्हा पुन्हा तिथे जात राहिलं.

संशोधन मोठ्या संस्थांनी करावं, तालुक्याच्या महाविद्यालयानं निकालाकडे बघावं, हे मी या आवारात अनेकदा ऐकलं आहे. मला ते पटत नाही. लाल विंचवाच्या दंशानं कोकणात माणसं मरत होती, तेव्हा प्राझोसिनच्या गोळीनं ती वाचवता येतात हे डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडसारख्या तालुक्याच्या गावी रुग्णांजवळ बसून दाखवून दिलं. जिथे विंचू आहे तिथेच तो अभ्यास होऊ शकत होता. २०२१ मध्ये ठाणे-कल्याण भागातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवी जात नोंदवली गेली. कसाबला धरून ठेवताना प्राण दिलेल्या तुकाराम ओंबळे यांचं नाव तिला दिलं आहे, आयसियस तुकारामी. जंगलही नाही, ठाणे-कल्याणच्या गर्दीतला भाग. मग सह्याद्रीच्या उतारावरच्या आमच्या माळावर काय काय असेल, हे मला अजून पूर्ण माहीत नाही आणि तेच मला माझ्या मुलांकडून शोधून घ्यायचं आहे.

तिसरं कलम वाचून मला सगळ्यात जास्त वाईट वाटलं. संग्रहाच्या खोलीत कीटकांच्या ३८ पेट्या आणि कोळ्यांच्या सुमारे १,४०० कुप्या आहेत. कीटक टाचणीवर वाळवून ठेवतात. कोळ्याचं अंग मऊ, सुकलं की आक्रसून जातं, म्हणून तो ७० टक्के अल्कोहोलमध्ये. प्रत्येक कुपीत कागदाची एक पट्टी आहे. जागा, तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव, सगळं पेन्सिलीनं लिहिलेलं, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. पट्टी नसेल तर कुपीत नुसता मेलेला कोळी उरतो.

मोबाइलवर फोटो असताना हे कशाला, असा प्रश्न एका सन्माननीय सदस्यांनी केला. प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर देते. पुष्कळ कोळ्यांची जात फोटोवरून ठरत नाही. नराच्या तोंडाजवळच्या दोन स्पर्शपादांची टोकं आणि मादीच्या पोटाखालची जननेंद्रियाची रचना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ती नक्की करता येत नाही. वरून अगदी सारखे दिसणारे दोन कोळी वेगळ्या जातींचे निघतात. पिल्लं तर बहुतेक वेळा ओळखताच येत नाहीत. २०२२ मध्ये जगातल्या नोंद झालेल्या कोळ्यांच्या जातींची संख्या ५०,००० वर गेली. भारतातल्या जाती १,८०० हून जास्त आहेत. त्यातल्या कितीतरींचं पहिलं वर्णन बी. के. टिकादर यांनी पुण्यात झूलॉजिकल सर्व्हेच्या केंद्रात काम करताना केलं. आजही शंका आली की मूळ नमुना काढून त्याच्याशीच ताडून पाहावं लागतं.

ऑगस्टमध्ये खोलीचं मोजमाप घेताना आमच्या १४ पेट्या व्हरांड्यात काढून ठेवल्या गेल्या. कुणी मला कळवलं नाही. मी चार दिवस प्रशिक्षणाला गेले होते. परत आले तेव्हा पावसाची झड आत येऊन नऊ पेट्यांना बुरशी धरली होती आणि उरलेल्यांत मुंग्या शिरल्या होत्या. टाचण्या होत्या, पट्ट्या होत्या, मधले कीटक नव्हते. २०११ ते २०१३ या तीन तुकड्यांची ती मेहनत होती. त्यातली दोन मुलं आज स्वतः प्राणिशास्त्र शिकवतात. त्यांना फोन करून सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

विच्छेदनाच्या ट्रे आम्ही कधीच बंद केल्या. विद्यापीठ अनुदान आयोगानं २०१४ मध्ये तसं सांगितलं आणि मला तो निर्णय तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. पण त्यानंतर जिवंत प्राणी त्याच्या जागी जाऊन पाहणं, हाच आमच्या विषयाचा कणा उरला. नव्या शैक्षणिक धोरणात क्षेत्र-प्रकल्पाला श्रेयांक आहेत. माळ गेला, संग्रह गेला, सहलींची परवानगी गेल्या वर्षापासून अडलेली आहे, प्रयोगशाळा परिचराची जागा २०१९ पासून रिकामी आहे. मग मुलांनी कोळी पाहायचा तो फक्त पडद्यावर.

संगणक कक्षाला माझा विरोध नाही, मुलांना तो हवाच आहे. जागेची अडचण मी समजू शकते. म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत, त्या सगळ्या पूर्ण करता येण्यासारख्या आहेत.

दरमहा फवारणीचा निर्णय मागे घ्यावा आणि पुढच्या पावसाळ्याआधी वसतिगृहाच्या सगळ्या खिडक्यांना जाळ्या बसवून बाहेरचा दिवा हलवावा. कुठे फवारणी खरोखर लागलीच तर आधी विभागाला विचारावं आणि मुलींना आदल्या दिवशी सांगावं.

माळावरचं काम थांबवावं. हिरवळ हवी असेल तर प्रवेशद्वाराजवळची मोकळी जागा आहे. क्रमांक बांधलेली ५४ झुडपं ज्या दीड एकरात आहेत तो भाग अभ्यासासाठी कायम राखून ठेवल्याचा लेखी ठराव करावा. बाकीच्या दोन एकरांबद्दल बसून बोलायला मी तयार आहे.

पर्यायी कोरडी, कुलूपबंद खोली मिळाल्याशिवाय संग्रहाची एकही पेटी हलवू नये. संस्थेला तो सांभाळणं शक्यच नसेल तर तसं स्पष्ट सांगावं. मग नोंदवहीसह तो आकुर्डीच्या झूलॉजिकल सर्व्हेच्या केंद्राला किंवा मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला देण्यासाठी रीतसर पत्रव्यवहार करू द्यावा. रद्दीच्या गाडीत तो जाता कामा नये.

परिचराची जागा भरावी आणि अडलेल्या सहलींच्या अर्जांवर, होकार असो वा नकार, निर्णय कळवावा.

आणि विद्यार्थिनींच्या पालकांना मंडळाच्या नावानं एक पत्र जावं, की चट्टे कशामुळे आले आणि काय काळजी घ्यायची. मसुदा मी लिहून ठेवला आहे.

जेसीबी पुढच्या महिन्याच्या अखेरीस येणार असल्याचं ऐकलं. त्याआधीची गणती येत्या दुसऱ्या शनिवारी सकाळी साडेसहाला आहे. आपण सर्वांनी यावं अशी मनापासून विनंती करते. वसतिगृहाच्या मागच्या फाटकाशी मी आणि दुसऱ्या वर्षाची मुलं असू. पायांत बूट असू द्यात, कुसळं टोचतात. या दिवसांत दव पडतं, त्यामुळे जाळी लांबूनही दिसतात. सुरुवात ४१ क्रमांकाच्या बोरीपासून करू, तिथली वस्ती सगळ्यात जुनी आहे.

आपली नम्र,
प्राणिशास्त्र विभागातील एक शिक्षिका